परतीची वायर

ट्रॅक्टरचं सोपं असतंय.
एक वायर दिव्यापर्यंत न्यायची, बस्स.
परत यायला अख्खं लोखंड पडलंय:
चासी, मडगार्ड, मागचा हूकसुद्धा.
आप्पा त्याला अर्थ म्हणायचे.
दिवा लागला नाही की दुकानातनं हाक,
"मालन, आधी अर्थ बघ."

इनासमामांची नाव मात्र फायबरची.
उद्यमबागेच्या शेडात चार वर्षं खपून ओतलेली,
शीड शहापूरच्या ताडपत्रीवाल्यानं शिवलेलं.
तिच्या अंगात चिमूटभर लोखंड नाही.
प्रत्येक दिव्याला जायची एक, यायची एक.

हिडकलच्या काठावर मी तीनपासून बसलेली.
बॅटरी बारा पॉइंट सहा. फ्यूज शाबूत.
डावीकडं तांबडा, उजवीकडं हिरवा, डोलकाठीवर पांढरा,
तिन्ही लागतात की वो मामा!
मामा म्हणाले, "काठावर लागतात.
आत जाऊन वारा धरला की जातात."

मी म्हटलं, असं नसतंय.
वायरीला काय कळतंय काठ आणि पाणी.

मला पोहता येत नाही, हे सांगितलं नाही.
मीटर ओढणीत गुंडाळून चढले.

वारा आला.
नाव एका कुशीवर झाली
आणि तिन्ही दिवे
एकदम गेले, कुणी नाव घेऊन बोलावल्यागत.

म्हणजे तिघांचं परत येणं जिथं एक होतंय
तिथंच काहीतरी आहे. डोलकाठीच्या बुडाशी.
दिवे बंद करून मीटर लावला. बारा.
पुरे बारा, एक काटा कमी नाही.
मग पिशवीतला ट्रॅक्टरचा बल्ब जोडला
आणि बाराचे तीन झाले.

मीटर कुणाकडं काही मागत नाही,
म्हणून त्याला सगळे बारा दाखवतात.
ओझं दिलं की खरं कळतं.
(हे आप्पा बोलले नव्हते.
आजारपणाच्या शेवटच्या महिन्यात कुणी विचारलं तर
"बरं आहे" म्हणायचे, तेव्हा मी बघितलं होतं.)

टेप सोलली. आत तांबं कळकलेलं,
रात्रभर पितळेत राहिलेल्या आमटीसारखं हिरवं.
एक केस तेवढा टेकून होता:
नाव सरळ तर शिवायचा, कलली तर सोडायचा.

मामांनी शीड उतरवलं, टॉर्च दातात धरला.
त्यांची लाळ माझ्या मनगटावर.
मी ब्लेडनं खरवडतेय, आणि अंधारातनं
आवाज न करता निंगाप्पाची टोपली येऊन टेकली.
मागल्या बुधवारी याच नावेनं
त्याला उलटा करायचाच बाकी ठेवला होता.
त्याच्यासाठीच हे सगळे दिवे.

"येन आगेद?"
"अर्थ कट् आगेद," मी म्हटलं.
तो थोडा वेळ थांबला. मग हसला, "अर्थ आत."
त्याच्या भाषेत ते समजणं, माझ्याही भाषेत तेच,
आणि हातात मात्र काळी वायर, दीड एमएमची.

लग दाबला. स्लीव्ह सरकवली. मामांच्या लायटरनं तापवली.
शीड वर. नाव कलली.
दिवे राहिले.

पलीकडं गावात करंट नव्हता, डोंगर आणि घरं एकच.
त्या एवढ्या काळ्यात आमचे तीन.
मामांनी क्रूस केला, मी उगीच मीटर बंद-चालू केला.
तेवढ्यात पाण्यावरनं निंगाप्पा ओरडला,
"आरस्रि! मीन ओडतावु!"
मासे पळतात म्हणे.

मामांनी माझ्याकडं बघितलं, मी स्विचकडं.
त्याचं जाळं ओलांडून जाईपर्यंत
आम्ही अंधारातच गेलो,
मामा दर दहा हातांवर "निंगाप्पा" म्हणत, तो "हां" म्हणत.

बिल रात्रीच केलं.
लग दोन, स्लीव्ह वीतभर, टेप अर्धी.
येताना दोन्ही हातांनी डोलकाठी धरून बसले होते,
त्याची मजुरी लावली नाही.